पाणकर

रात्री दीडच्या सुमारास रोहूनं अंडी सोडली.
सुई सातलाच टोचली होती बाबांनी,
ओल्या फडक्यात धरून, तिचे डोळे झाकून,
जसं लेकराला धरतात दवाखान्यात.
आता हापा भरला आहे भिजल्या साबुदाण्यासारखा
आणि त्यातले बारा दाणे काचेच्या वाटीत घेऊन
मी बसले आहे,
कॉलेजातून उसना आणलेला सूक्ष्मदर्शक
ढेपेच्या पोत्यावर मांडून.

एकाचे दोन. दोनाचे चार. चाराचे आठ.
इथवर सगळं आईचंच चालतं:
तिनं अंड्यात बांधून दिलेली शिदोरी,
तिच्याच चिठ्ठ्या, तिचेच निरोप.
पिलाची स्वतःची पोथी अजून मिटलेली.

"मंग उघडते कोन?"
बॅटरी काखेत, विडी कानावर.
डोमाजी पचारे, चौथी पास,
एकोणीस वर्षं मामा तलावाचे पाणकर.
कोणत्या बांधीला केव्हा, किती,
हे त्यांच्या अंगठ्याला ठाऊक.

प्रतिलेखन घटक, असं म्हणायचं होतं मला.
परीक्षेत तसंच लिहिलं होतं, पाच गुणांसाठी.
पण पहाटे तीनला, बेडकांच्या कल्ल्यात,
तो शब्द तोंडातच वाळला.
म्हटलं, बाबा, आत पाणकर असतात.
पाणी त्यांचं नसतं.
तलाव एकच, प्रत्येक पेशीत तोच, काठोकाठ.
ते फक्त येतात आणि नेमक्या तुडुमापाशी बसतात.
इथलं उघडलं तर कणा,
तिथलं उघडलं तर मांस.
कधी एकट्यानं दगड हलत नाही, तिघं लागतात.
कधी एक जण दुसऱ्याच्या हातावर हात ठेवतो:
थांब.

"म्हंजे आमच्यासारकेच भांडतेत."
मग विडी पेटली, विझली.
"पर त्याईले कोन धाडते?"
दुसरा पाणकर.
"अन त्याले?"
त्याच्या आधीचा. असं मागं मागं,
पार आईच्या शिदोरीपर्यंत.
"अन तिले?"
मी भिंगाचा स्क्रू फिरवत राहिले.

सकाळी शेपटी सुटली. एकदा झटकली, उगाचच,
जणू कोणी हाक मारली.
बारातली तीन अंडी पांढरी पडली होती.
ती बाबांनी काडीनं उचलून फेकली, न बोलता.
दुपारी एका दाण्यात ठोका दिसला.
रक्ताला रंग नव्हता, पण ठोका होता.

बाबा टाक्याच्या कठड्यावर, पाय पाण्यात.
दुसरं आणि तिसरं बोट जोडलेलं.
माझंही तसंच. आत्याचंही होतं.
ढिवराचे पाय, बदकाचे पाय, म्हणतं गाव.
मला बघायला पाहुणे आले तेव्हा
मावशी म्हणाली होती, मोजे घाल, नोनी.

सांगितलं त्यांना:
पोटात सगळ्यांचीच बोटं जोडलेली असतात आधी.
मधल्या पेशींना मरायला सांगावं लागतं.
आपल्या घराण्यात कोण्या पाणकराकडून
तो निरोप पोचलाच नसावा.
एखादं अक्षर चुकलं असेल. तेवढंच.

त्यांनी पाय वर घेतला. पाहिला.
ओल्या बोटांच्या मधल्या कातडीवरून
अंगठा फिरवला, हळू.
"झोपला असन," म्हणाले.
"मी बी झोपलो होतो एक डाव.
लांजेवाराची बांधी वाळली.
अजून बोलत नाही तो माह्याशी."

सहाला कवचं फुटायला लागली.
पापणीचा केस असावा तशी पिलं,
उलटी, आडवी, पाण्यात लोंबकळणारी.
डोळे आले होते,
डोळ्यांतलं काळं आलं नव्हतं.
कुठलं तरी तुडूम अजून मिटलेलं.

बाबांनी मोटर बंद केली.
नळ अर्धा मिटला, परत थोडा सोडला,
आणि हात तसाच तोटीवर ठेवून
अंधार पडेपर्यंत उभे राहिले.