माया, दीड इंच

मंगळवारी सातला बालवाडीचं कुलूप निघतं.
वीतभर उंचीच्या खुर्च्या भिंतीला सारून
आम्ही एकवीस जण ओळीने उभे,
पोट आत ओढून.

टेप माझी, म्हणून कंबर मोजायचं काम माझं.
चौतीस वर्षं ब्लाउज शिवले हिच्यावर.
बोटं लागून लागून छत्तीसचा आकडा पुसलाय.
बरं झालं, म्हणते संघमित्रा,
छत्तीसचा आकडा हवाय कुणाला?

"श्वास सोडा, सावरडेकर,
मी काही शिवणार नाहीये तुम्हाला."
सोडतात. बेचाळीस.
गेल्या महिन्यात साडेबेचाळीस होते.
अर्ध्या इंचाला खोलीभर टाळ्या.

संघमित्रा खरात, आरोग्यसेविका.
सॅकमध्ये बीपीचं मशीन,
साखरेच्या पट्ट्या मोजून बावीस,
आणि स्टीलचा एक चमचा.
"माणशी दिवसाला मीठ एवढंच.
पापड, लोणचं, वेफर, सगळं धरून."
चमचा हातोहात फिरतो.
रोझी फर्नांडिस त्याच्याकडे बघते,
यात सुका बांगडा बसवायचा कसा?
याकूब पटवेकरांची खारीची भट्टी.
पहाटे चारला उठून दुसऱ्यांसाठी लोणी लावतात
आणि इथे येताना डब्यात उकडलेले चणे आणतात,
कांदा बारीक चिरून, लिंबू वेगळं.

मग मैदानाला चार फेऱ्या,
खाडीचा वास आला की मागे वळायचं.
घाणेकर दोनदाच आले.
म्हणाले, गुडघा बरा झाला की बघू.
गुडघा नाही, काळीजच आधी थांबलं.
वहीत त्यांचं नाव तसंच आहे,
पुढचे रकाने कोरे.
आम्ही खोडत नाही.

माझी साखर दोनशे बारा होती.
सुईची नेढी दोन दिसायची,
दोरा दोन्हींच्या मधून जायचा.
आता एकशे पंचेचाळीस.
शुक्रवारी भाचीच्या साखरपुड्यात
दीड बालुशाही खाल्ली ते मी गटात बोलले नाही.
मशीन बोललं.

गेल्या मंगळवारी एक पट्टी उरली.
मी म्हटलं, संघमित्रा, बोट दे.
"मला काय धाड भरलीय?"
दे तर.
दोनशे एकसष्ट.
रोझीने तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला,
एकशे सत्तर, खाली एकशे आठ.

कुणी टाळी वाजवली नाही.
पंखा फिरत होता, भिंतीवर क कमळाचा.
तेव्हा कळलं, वर्षभर ती विचारत होती
काय खाल्लं, किती चाललात, झोप लागते का,
आणि एकाने उलटून विचारलं नव्हतं,
तू जेवलीस का गं?
दोन वाजता, दोन चाळींच्या मधे, उभ्याने वडापाव.
चारशे घरं, चार-चार जिने.
मानधन जूनपासून थकलेलं.
"जिने चढते की रोज," ती म्हणाली,
"मला वाटलं तेवढं पुरतं."

याकूबभाईंनी काही न बोलता
तिची सॅक आपल्या खांद्यावर घेतली.
वहीत बाविसावं नाव सावरडेकरांनी लिहिलं,
त्यांच्या बँकेतल्या अक्षरात.
डॉक्टरकडे रोझी जाणार बरोबर, गुरुवारी.
मी टेप तिच्या कमरेभोवती नेली.
श्वास सोड.
आकडा मी मोठ्याने वाचला नाही.

शिवताना आत थोडं कापड जास्त ठेवतात,
त्याला आम्ही माया म्हणतो.
अंग भरलं की टाका उसवून ती बाहेर काढायची.
सगळा जन्म मी इथल्या बायकांची माया बाहेरच काढत आले,
आत घ्यायला कुणी आलंच नव्हतं.
आता येतात. सावरडेकरांची पँट आली परवा.

"माझा युनिफॉर्मचा ब्लाउज दंडात काचतो," ती म्हणाली,
"सैल करून द्याल?"
बघितला उलटा करून.
दीड इंच आहे आत.
अर्धा सोडते आत्ता, बाकी राहू दे.
घाई नाही.

नऊला मुलं येतात.
खुर्च्या परत गोल लावायच्या असतात.