शून्याची दुरुस्ती

वेर्ण्याच्या पठारावर, शेड क्रमांक सतरा.
एसीचं पाणी बाहेर जांभ्यावर टिपकतं.
आत बेंतो कुलासो भिंगाखाली वाकून
बोर्डावर तांब्याचे तुकडे चिकटवतोय
ब्लेडच्या टोकानं,
पेडव्याच्या खवल्याएवढे.

मी शून्य मागते.
दोन्ही वाटा बंद, सरळ जाणारी
आणि काटकोनात वळलेली.
पडद्यावरच्या वर्तुळात ठिपका मधोमध यायला हवा.
येत नाही.
जरा उजवीकडे, जरा वर उभा राहतो,
निघतो म्हणून न निघालेल्या पाहुण्यासारखा.

दहा गिगाहर्ट्झला डायोड मिटत नाही,
मिटल्यासारखं करतो.
त्याच्या पोटातून थोडं झिरपतंच.
डेटाशीटच्या तळटीपेत हे लिहिलेलं असतं,
इतकं बारीक की लिहिणाऱ्यालाही लाज वाटली असावी.

मी महागडे डायोड मागवले. तेही झिरपले.
चाळीस बोर्ड, चाळीस तऱ्हेचे खवले.
बेंतो प्रत्येकाची खोड पाठ करून बसलाय.
एकदा मान वर न करता म्हणाला,
"पळे, सगळे एकाच कुशीक वतात."

संध्याकाळी रासईच्या फेरीत ते वाक्य सोबत आलं.
ओहोटी होती.
तांडेलानं नाक दुर्भाटच्या धक्क्याकडे धरलंच नाही,
वरच्या अंगाच्या खारफुटीकडे धरलं,
आणि फेरी धक्क्याला लागली.

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी रेघा ओढल्या:
चांगला डायोड शोधायचाच नाही.
तसाच दुसरा वाईट शोधायचा.
दोघांना पाठीला पाठ लावून उभं करायचं,
एकाला हो म्हणायचं तेव्हा दुसऱ्याला नाही,
शेवटी एकातून दुसरा वजा.
मागितलेलं दुप्पट होईल.
न मागितलेलं दोघांत सारखं,
म्हणून जाईल.

एप्रिलात बोर्ड आला. शून्य मागितलं.
ठिपका मधोमध.
"कितलें?"
"उणे एक्केचाळीस. आधी उणे एकोणीस होतं."
बेंतोनं ब्लेड पुसलं, कागदात गुंडाळलं.
मला काहीतरी बोलायला हवं होतं.
मी चहा सांगितला.

मग बोर्ड भट्टीत घातला.
पंच्याऐंशी अंशांवर दोन वाईटांपैकी एक
किंचित जास्त वाईट झाला.
ठिपका हलला, केसभर,
उजवीकडे.

आम्ही दोघांनी पाहिलं.
तो काही बोलला नाही.
फक्त खवल्यांच्या डबीचं झाकण
उघडल्याचा आवाज आला.