कोरसात, डावीकडून तिसरे

बर्फाच्या फॅक्टरीत कॉम्प्रेसर चालू असला
की माणसाचं बोलणं त्याच्या ओठांवर वाचावं लागतं.
देवगड बंदर, रात्री दोन ते सकाळी आठ.
मी पावत्या फाडते.
'रवळनाथ कृपा', पंचवीस लाद्या.
'सातेरी प्रसाद', चाळीस, मागची बाकी तशीच.

हेडफोन हर्षलनं दिले, कान जातील म्हणाला,
आणि मोबाईलमध्ये एक अख्खा अल्बम भरून.
"ताई, मेटल असा. पण निस्ती धडधड नाय,
अख्खो ऑर्केस्ट्रा असा."
धडधडीचा इथे कुणाला तोटा?

आधी व्हायोलिनं, पुष्कळ,
ओढत्या दोरावरून पाणी निथळावं तशी.
मग ड्रम, दोन्ही पायांनी,
इतके जलद की कॉम्प्रेसर मला पहिल्यांदाच
म्हातारा वाटला.
गिटारी करवतल्यासारख्या,
त्यांच्यावर एक बाई, उंच, एकटी,
आणि तिच्या पाठीमागे
माणसंच माणसं.

चाळीस असतील. साठ असतील.
भाषा लॅटिन, म्हणतो हर्षल. त्याला तरी काय कळते.
गाण्याआधी ते सगळे एकदम श्वास घेतात
तो ऐकू येतो.
मी तेवढाच तुकडा मागे नेला, चार वेळा,
'सातेरी प्रसाद'चा तांडेल खिडकीवर हात आपटत होता तरी.

भाऊ डबलबारीत कोरसाला बसायचे,
शिरवंडेकर बुवांच्या मागे, डावीकडून तिसरे.
बॅनरवर बुवांचं नाव, फोटोसकट.
खाली पखवाजवाल्याचं, बारीक.
त्याखाली 'आणि साथी'.
समोरचा बुवा चिमटा काढायचा, मांडव हसायचा,
हे नऊ जण हसायचे नाहीत,
झांजा मांडीवर उपड्या घालून थांबायचे,
आणि बुवांनी मान हलवली
की नऊ गळ्यांचा एक गळा.
मी आईच्या मांडीवर, अर्धी झोपेत,
त्यातून भाऊंचा आवाज वेगळा काढायला बघायची.
एकदाच सापडला.
त्यांना ठसका लागला तेव्हा.

नववं गाणं यांचं स्वतःचं नव्हे.
कुठल्याशा जुन्या बँडचं, यांनी आपल्या अंगानं घेतलेलं.
दहावंही तसंच. कव्हर म्हणतात.
मी मूळ शोधून ऐकलं:
एक पोरगा, एक गिटार,
चतुर्थीआधीच्या शाळेतल्या
रंग न दिलेल्या मूर्तीसारखं उघडं.
मूळच मला नक्कल वाटलं.
चूक असेल माझी. आधी हेच ऐकलं ना.

बुवांचा गजर सिनेमाच्या चालीवर असायचा.
शाळेत मांजरेकर बाई म्हणाल्या, ही चोरी.
मी घरी येऊन विचारलं.
भाऊ कोयतीला धार लावत होते, मान वर न करता म्हणाले,
"चाल म्हणजे पावणी गो.
इली, चार दिस रवली, जेवली.
जातली फुडे."
धार बघितली अंगठ्यानं. पुन्हा लावायला घेतली.

शेवटचं गाणं बारा मिनिटांचं.
अकराव्या मिनिटाला सगळे एकदम थांबतात
आणि डाव्या कानात
एक जण केसभर उशिरा थांबतो.
हर्षल म्हणतो, शक्यच नाही,
स्टुडिओत असलं सगळं कॉम्प्युटरवर कापतात,
तुमची वायर सैल असेल.
मी वायर बघितली नाही.

पाचाच्या सुमाराला भिवा लादी ढकलत आला,
बोटं आंबलेली, बगलेत घालून उभा राहिला.
ओठ हलवून विचारलं, काय?
मी हेडफोनची एक वाटी त्याच्या कानाला लावली.
बराच वेळ ऐकलं त्यानं,
चेहरा सुतकात गेल्यासारखा.
"कोण मेलो काय गो?"

कोण नाय, म्हटलं. बारी चालू असा.

मग 'रवळनाथ कृपा'चा पोरगा परत आला,
आणखी पाच लाद्या हव्या होत्या.