शेरा

आमच्या विभागाच्या गच्चीवर
एक पत्र्याचं घर आहे, कोंबडीच्या खुराड्याएवढं.
आत कोंबडी नाही, मोटर आहे.
सकाळी सहाला मुल्लामामा बटण दाबतात
आणि ते आठ तास घरघरत
शिरोलीकडची, वडणग्याकडची, राजारामपुरीकडची
जी येईल ती हवा ओढत बसतं.
कधी तळ्यावरचा मोर उबेला येऊन टेकतो,
मामा त्याला खराट्यानं हुसकतात.

कागद मी लावते. काचतंतूंचा, पांढराशुभ्र.
चिमट्यानंच धरायचा;
बोटाचा घामसुद्धा तो तराजू धरतो.
लावण्याआधी दोन पूर्णांक सात चार एक सहा,
काढून वाळवल्यावर दोन पूर्णांक सात नऊ शून्य चार.
मधल्या फरकाएवढं कोल्हापूर
माझ्या चिमट्यात.
भागाकार केला की ब्याण्णव.
शंभराच्या आत.
रजिस्टरात निळ्या शाईनं: ठीक.

मुल्लामामांना भागाकार लागत नाही.
शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबून
नाक वर करतात.
"वडणग्यात पाचट पेटवलंय कुणीतरी."
"गुऱ्हाळावर नवा गुळव्या दिसतोय,
काहील करपवली बघ त्यानं."
संध्याकाळी कागद तसाच निघतो,
कधी काळा, कधी राखेच्या रंगाचा,
पण करपल्या गुळाला तराजूवर वजन नाही.
त्याच्यासाठी शेवटी 'शेरा' असा रकाना आहे,
दोन बोटं रुंद. बहुतेक कोरा.

आमचे बाबा शिरोलीत, फाउंड्रीला.
काळ्या वाळूचे साचे करतात, सत्तावीस वर्षं.
कंपनीचा मास्क खुंटीला असतो,
तोंडाला रुमाल.
आई तो रुमाल वेगळा धुते,
त्याचं पाणी तुळशीला घालत नाही.

दिवाळीनंतर मी एक नवा रुमाल घेतला.
चोवीस तास वाळवला, वजन केलं,
बाबांच्या डब्याच्या पिशवीत घातला.
दुसऱ्या दिवशी तोच, न धुता,
परत लॅबमध्ये.
पुन्हा चोवीस तास. पुन्हा तराजू.
सगळे चहाला गेलेले, दार लोटून घेतलेलं.

फरक आला.
पण भागायचं कशानं?
यंत्र मिनिटाला किती ओढतं
ते त्याच्या पाटीवर कोरलंय.
माणूस एका पाळीत किती हवा घेतो,
रस ओतताना किती,
आणि फोरमन मागं येऊन उभा राहिला की
किती घेतच नाही,
अशी पाटी बाबांना कुठं लावलेली नाही.
शिवाय घाम वाळला तरी मीठ राहतं.
तेही त्याच आकड्यात.

शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं.
ठिकाण: कोरं.
प्रवाह: कोरा.
शेरा: रुमाल.

महिनाअखेरीला हिरुगडे मॅडमनी
नेमकं तेच पान उलटलं.
"नमुना कुणाचा?"
"बाबांचा."
त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.
मला वाटलं रागावतील,
नाहीतर खांद्यावर हात ठेवतील.
दोन्हीची तयारी केली होती.
त्यांनी लाल पेन उघडलं
आणि माझ्या शेऱ्याच्या पुढं, रकान्याबाहेर जात, लिहिलं:
एका नमुन्यावरून काही म्हणता येत नाही.
किमान तीन घ्या.
एक कोरा, तुलनेसाठी.

शनिवारी महाद्वार रोडवरनं चार आणले.
बाबा म्हणाले,
"एवढं रुमाल कशाला गं?
मला काय पडसं झालंय व्हय?"
आईनं चौथा उलगडून बघितला.
"आणि ह्यो कुणाला?"
कुणालाच नाही, म्हटलं.
हा नुसता घरात राहील.