ईशान्य किनाऱ्यावरचं एक गाव

नऊच्या बातम्यांत निवेदक म्हणाला,
‘ईशान्य किनाऱ्यावरील एका गावावर
काल रात्री शत्रूची विमाने येऊन गेली.
नुकसान किरकोळ. नागरिकांचे मनोधैर्य उत्तम.’

विनिफ्रेड ब्लेंकिन जिन्याखाली बसली होती.
घराचा तेवढाच भाग घर म्हणण्याजोगा उरला होता.
रेडिओ शेजाऱ्यांचा.
शेजारी नव्हते.
‘बिचारं गाव,’ ती म्हणाली, ‘कुठलं असेल गं बाई?’
तिचा भाऊ सिरिल केसांतला चुना झटकत राहिला.

सिरिल छापखान्यात खिळे जुळवायचा.
त्याच्या पेटीत सगळी अक्षरं होती,
फक्त ती ठरावीक क्रमानं लावायची नाहीत
असा माहिती खात्याचा हुकूम होता.
खात्याचा माणूस निळी पेन्सिल घेऊन यायचा,
गोदी खोडायचा, घड्याळाचा मनोरा खोडायचा,
मासळीचा वाससुद्धा खोडायचा
(वासावरून गाव ओळखू येतं, म्हणे).
हवामान तर पक्कं गुपित.
तीन दिवस पाऊस लागला,
छपरं नसलेल्या चार गल्ल्या भिजून गेल्या,
वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत.
झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं,
पण इथं आख्खं गाव मुठीत
आणि वरून मूठ उघडी.
पौर्णिमेला नदीचं मुख असं चमकायचं
की वैमानिकाला नकाशाची घडीही मोडावी लागत नसे.

मग दुसरं स्टेशन लावायचे लोक.
ऐकू नका असं बजावलं होतं, म्हणून हळू आवाजात.
शत्रूचा निवेदक फार शुद्ध बोलायचा.
गावाचं नाव घ्यायचा. सावकाश, नीट, दोनदा.
स्टेशनवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे
हेही म्हणे त्यानंच सांगितलं;
सिरिल जाऊन पाहून आला, घड्याळच नव्हतं.
‘ते गाव जमीनदोस्त,’ निवेदक म्हणायचा,
‘जिवंत कुणी नाही.’
विनिफ्रेड पदराशी काही नसल्यानं
एप्रनला डोळे पुसायची.
मेलो म्हणतो मेला, पण नावानिशी.

म्हणजे असं बघा:
आपल्या सरकारच्या मते आम्ही नव्हतोच, आणि सुखरूप होतो.
शत्रूच्या मते आम्ही होतो, आणि मेलो होतो.
दोन्ही बातम्या खात्रीलायक सूत्रांकडून.

वाळवंटातल्या छावणीतून विल्फचं पत्र आलं.
‘आई, ईशान्येकडच्या कुठल्याशा गावाचे हाल वाचले.
बरं झालं, आपल्याकडं काही नाही.’
तिनं उलट टपाली लिहिलं,
‘आम्ही ठीक. घरात हल्ली उजेड छान येतो.
तुझ्या खोलीतून तर थेट बंदर दिसतं.’
निळ्या पेन्सिलीनं बंदर खोडलं.
उजेड राहू दिला.

मे महिन्यात मंत्री आले.
नवे गमबूट, लेबल अजून चिकटलेलं.
विटांच्या ढिगावर उभं राहून म्हणाले,
‘देश तुम्हाला कधीही विसरणार नाही!’
म्हातारा ईनॉक हार्कर, मासेवाला, बहिरा,
कानामागे हात धरून ओरडला,
‘कुणाला?’
टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी छापून आलं:
मंत्र्यांची एका गावाला भेट. उत्स्फूर्त स्वागत.
सिरिलनंच जुळवलं ते. ‘उत्स्फूर्त’ला खिळे फार लागले.

पुढे युद्ध संपलं.
नाव छापायची परवानगी टपालानं आली.
तोवर सिरिलची नजर गेली होती,
विल्फ परत यायचा होता तो आलाच नव्हता,
आणि राजधानीतल्या लोकांना
राजधानीवर पडलेले बॉम्ब तोंडपाठ झाले होते.
विनिफ्रेडला कुणी विचारलं, तुम्ही कुठल्या,
तर सवयीनं सांगायची,
‘ईशान्येकडच्या.’

मीही इथं ते नाव लिहिलेलं नाही.
निळी पेन्सिल कुठं पडून असेल सांगता येत नाही.
फक्त मराठीत ‘हल्ला’ लिहिताना
पहिल्या दीड अक्षरापाशी
हात जरा थांबतो.