बदली

रिपोर्टच्या कागदावर ठळक अक्षरांत
एकशे एकोणसत्तर.
डॉक्टर हत्तुरे म्हणाल्या, हे वाईट कोलेस्टेरॉल,
आणि पेनानं त्याच्याभोवती गोल काढला,
खराब ताग्यावर जॉबर खडूनं काढायचा तसा.

"लिंगय्याकाका, रविवारी काय असतं?"
मी म्हटलं, रविवार असतो.
त्या हसल्या नाहीत.
मग सांगून टाकलं : अर्धा किलो मटण,
चरबीचा तुकडा मागून घेतलेला,
वर तर्री, बोटभर.
दाराबाहेरच्या बाकावर राजव्वा
पदर सावरत सगळं ऐकत होती.

त्याच संध्याकाळी विडी घरकुलातल्या आमच्या घरात
सोयाबीन आलं, दोन किलो.
आधी भाजायचं, मग सालं पाखडायची, मग दळण.
दस्तगीर गिरणीवाल्यानं नाक मुरडलं :
"वहिनी, ह्याचं तेल दगडाला धरतं की वो,
मागनं ज्याचं दळण असंल तो मला शिव्या घालतो."
म्हणून आमचा नंबर शेवटचा, दिवे लागल्यावर.

ज्वारी चार वाट्या, सोया एक.
थापताना भाकरी कडेनं फाटायची.
राजव्वा ओल्या बोटानं सांधायची तिला,
तुटला धागा वळून जोडावा तशी,
तेलुगूत काहीतरी पुटपुटत.
शिव्या नव्हत्या त्या,
पण नवसही नव्हता.

आणि रविवारी ताटात
पाण्यात फुगवून पिळलेल्या सोयावड्या,
मटणाच्याच मसाल्यात, मटणाच्याच पातेल्यात.
पहिला घास चिंधी चावल्यासारखा.
चाळीस वर्षं सूत हाताळलेला माणूस मी,
मला कोण फसवणार?

तीन महिन्यांनी पुन्हा सुई, पुन्हा कागद.
एकशे एकसष्ट.
आठच?
एवढ्या चिंध्या चावल्या त्याचे आठ?

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली.
"सोया स्वतः फार काही करत नाही, काका.
शंभरातले तीन-चार उतरवतं,
कुणाकुणाचे तेवढेही नाही.
पण ते ज्याच्या जागेवर बसतं ना,
तो तिथं नाही, हाही हिशोब धरा.
गोळी मात्र आता सुरू करायची.
आणि त्या विड्या..."
राजव्वानं मान खाली घातली.
कारखान्यानं नाकारलेली तिची छाट
मीच ओढायचो,
फुकट जाऊ नये म्हणून.

अशोक चौकापर्यंत दोघं चालत आलो, न बोलता.
ऊन असं की सावलीसुद्धा पायाखाली लपलेली.
डोक्यात एकच वाक्य :
ज्याच्या जागेवर बसतं.

एकोणीस वर्षं मी बदली होतो.
पहाटे मिलच्या गेटवर उभं राहायचं, बिल्ला मुठीत.
आत कुणाला ताप यावा म्हणून नव्हे,
पण आलाच, तर आपण दिसावं म्हणून.
मग दुसऱ्याचा माग, दुसऱ्याच्या घामानं काळं पडलेलं स्टूल,
चादर उतरली की वहीत नाव
ज्याचं त्याचंच.
साहेब एकदा म्हणाला,
बदलीनं कधी उत्पादन वाढलंय का रे?
खरं होतं. वाढत नव्हतं.
थांबत नव्हतं, एवढंच.

त्या रविवारी मी
दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
राजव्वाला वाटलं, चव जमली.
नव्हती जमली.
वर चिमूटभर शेंगाचटणी टाकली,
भाकरीचा कडक तुकडा मोडला,
आणि त्या वडीला मनातल्या मनात म्हटलं,
ये, बस.
हजेरी लागली तुझी.