पूड

भिंत कशाची, ते मालकाला विचारू नये.
तो चिरा म्हणतो. सगळेच म्हणतात चिरा.
मी भोक पाडतो आणि खाली तळहात धरतो.

जांभ्याची पूड लाल, जराशी ओलसर,
दापोलीपासून गुहागरपर्यंत सारखीच.
करवीच्या कुडात ड्रिल नुसतंच घुसतं,
जोर लावलात तर तुम्ही पलीकडच्या खोलीत.
शेण, माती, भाताचा तूस
आणि एकदा, वेळवीला, एक अख्खी लोंबी,
पन्नास वर्षं अंधारात, तरी दाणा धरून.

कालवांचा चुना पांढरा. त्यात शिंपांचे न भाजलेले तुकडे,
बिट कचकन थांबतं, मग कुरकुरतं.
पडव्याला एका न्हाणीच्या भिंतीत
सोड्याच्या बाटल्या निघाल्या, आडव्या, बुडं बाहेर.
दगड महाग होता म्हणे,
आणि सोड्याचा कारखाना नुकताच बसलेला.

हे सगळं मी वहीत लिहितो. घर, खोली, दिशा, माल.
पुढच्या वेळी बिट मोडू नये म्हणून, बाकी काही नाही.

तर दाभोळ. मे महिना.
रुकय्या होडेकरांच्या माडीवर एसी बसवायचा.
बिल कुवेतहून मुलगा भरणार, मापंही तोच सांगणार, फोनवर.
प्रणितने पश्चिमेच्या भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली.

गिलाव्यापर्यंत ठीक. मग आवाज बदलला. धूर.
पूड आलीच नाही. वळ्या आल्या,
काळ्या, तेलकट, पेन्सिलीला टोक काढल्यावर पडतात तशा.
हुंगल्या. मोरीचं तेल.

"चाची, भिंत लाकडाची आहे."
"नाय रे. चिऱ्याची. सासऱ्यान सांगितलान हुता."

वीतभर गिलावा उतरवला.
फळी. फळीला भिडलेली फळी,
सांध्यांत काथ्या ठोकलेला, वर राळ,
तांब्याचे खिळे, डोकी हिरवी पडलेली.
आणि भिंतीला पोट होतं.
बाक दिसू नये म्हणून गवंड्याने
कुठे बोटभर माती भरली, कुठे हातभर.

चाची जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या,
"पावसात तीन भिंतींना घाम फुटतो.
हीच तेवढी कोरडी. म्हणून गाद्या हिकडं ठेवतो आम्ही."

खालच्या कोपऱ्यात अक्षरं होती,
कोरलेली, उलटी. फळीच उलटी बसवलेली.
प्रणितने मान पार खांद्यावर टाकून वाचलं: "मत."
त्याच्या आधीचं गिलाव्याखाली.
किस्मत असेल. सलामत असेल. रहमत.
"अजून वीतभर काढू?" मी विचारलं.

"नवऱ्याच्या आज्याचा मचवा बुडाला," चाची म्हणाल्या,
"सुपारीसकट. म्हणून सावकारान अर्धं कर्ज सोडलान.
कुठच्या खडकावर, ते घरातल्या पोराटोराला ठावं.
मलासुद्धा नेऊन दाखवलान तो खडक,
निकाहाच्या दुसऱ्या म्हयन्यात. मी रडले पण."

भोकात त्यांनी करंगळी घातली,
बाहेर काढली, वास घेतला,
आणि त्यांचं हसू असं सुटलं
की खालून सून विचारायला आली काय झालं.
"काय नाय," त्या म्हणाल्या, "शॉक बसला."

एसी पूर्वेला लागला. तिथे चिरा होता, खराखुरा,
लाल पूड, अर्ध्या तासात काम.
पश्चिमेला मी सिमेंट भरलं, थापीने सारखं केलं,
त्या भोकाचे पैसे लावले नाहीत.

जेटीवर फेरीची वाट बघताना वही काढली.
प्रणित शेजारून डोकावत होता.
होडेकर, माडी, पश्चिम.
पेन जरा वेळ तसंच धरलं.
मग लिहिलं: चिरा.